मयसभेचे शेजारी

२०२५च्या नोव्हेंबर महिन्यात ग्लासगोच्या सभेत २०३०च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला दिले गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात त्याचीच चर्चा चालू होती. पहिल्या स्पर्धा १९३० साली कॅनडातल्या हॅमिल्टन गावी झाल्या, म्हणजे हे शताब्दीचे वर्ष, अशी माहिती एका मुलाने पुरवली. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, मागच्या वेळी तुम्ही दिल्लीतच होतात ना? किती मजा आली असेल!" दिल्लीच्या स्पर्धा झाल्या तेव्हा ती चारेक वर्षांची असणार. तिला त्यांतले एवढेच आठवते की मोठ्या भावाच्या कंपासपेटीवर शेरा नावाचा वाघ होता. "हो, आली," असे म्हणून मी हजेरी घ्यायला सुरुवात केली. उत्तर खोटे नव्हते. पण अपुरे होते, आणि ते अपुरेपण हजेरीपटावरून बोट फिरवतानाच मला टोचू लागले. इतक्या वर्षांत या विषयावर एक ओळही लिहिली नाही याचे कारणही बहुधा त्याच उत्तरात असावे.

२००७ ते २०१२ ही पाच वर्षे मी दिल्लीत काढली. विद्यापीठाच्या परिसरापासून पायी पंधरा मिनिटांवर, एका तिमजली घराच्या गच्चीवरची खोली माझ्याकडे भाड्याने होती. दिल्लीत अशा खोलीला बरसाती म्हणतात. नाव मोठे काव्यमय. प्रत्यक्षात मे महिन्यात भट्टी आणि जानेवारीत बर्फाची पेटी. एका महाविद्यालयात मी तदर्थ व्याख्याती होते. दर चार महिन्यांनी नेमणूक संपे, मध्ये एका दिवसाचा खंड पडे आणि पुन्हा नवे पत्र हाती येई. हा तपशील द्यायचे कारण एवढेच, की पुढे जे सांगायचे आहे त्यात मी कोणी सुस्थिर नागरिक होते आणि बाकीचे विस्थापित, अशी सोयीची विभागणी करता येणार नाही. माझेही पाय त्या शहरात फारसे रोवलेले नव्हते, आणि जे काही मी केले त्यात त्या न रोवलेल्या पायांची भीती होतीच.

स्पर्धा दिल्लीला मिळाल्या त्या २००३च्या नोव्हेंबरात, जमैकातल्या माँटेगो बे येथे. त्या वेळी दिल्लीने हरवले ते याच हॅमिल्टनला. मी दिल्लीत पोचले तेव्हा शहर खणायला सुरुवात झालेली होती, आणि २०१० उजाडले तरी ते बुजलेले नव्हते. सकाळी ज्या कोपऱ्यावरून बस पकडली तो कोपरा संध्याकाळी जागेवर असेल याची शाश्वती नसे. पदपथांच्या फरश्या काढून पुन्हा त्याच प्रकारच्या फरश्या बसवल्या जात. धूळ इतकी की पुस्तकाचे पान उलटले की बोटाला लागे. आमची घरमालकीण, फाळणीत लायलपूरहून लहान वयात आलेली एक पंजाबी वृद्धा, या सगळ्याकडे लग्नघरातल्या पसाऱ्याकडे पाहावे तशी पाही. १९८२चे एशियाड तिच्या आयुष्यातले एक मोठे शुभकार्य होते. अप्पू हत्ती, घरात आलेला पहिला रंगीत टीव्ही, नवे उड्डाणपूल, हे सगळे ती कालच घडल्यासारखे सांगे. आयोजन समितीचे अध्यक्ष पुण्याचे खासदार असल्यामुळे वर्तमानपत्रात काही वावगे छापून आले की त्याचा जाब मात्र ती मला विचारी. "तुम्हारे पूना वाले क्या कर रहे हैं, बेटा?" मी सांगलीची आहे आणि पुण्यात माझा कसलाही वशिला नाही, हे तिला अखेरपर्यंत पटले नाही. पुण्यातही २००८च्या ऑक्टोबरात राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या होत्या आणि तिथल्या मैत्रिणींची पत्रे बालेवाडीच्या रस्त्यांच्या कहाण्यांनी भरलेली असत. त्या मी तिला वाचून दाखवीत असे. तेवढीच माझी बाजू.

पावसाळ्याअखेर शहरात एक नवा शब्द आला. रस्त्याच्या कडेला ज्या झोपडवस्त्या हटवता आल्या नव्हत्या त्यांच्यापुढे उंच रंगीत फलक उभे राहू लागले. त्यांवर स्पर्धांचे बोधचिन्ह आणि हात हलवून स्वागत करणारा शेरा. अधिकाऱ्यांच्या भाषेत या फलकांना 'व्ह्यू कटर' म्हणत. अनुवाद शिकवणाऱ्या माणसाला असा शब्द सुखाने झोपू देत नाही. मराठीत काय म्हणावे? आडोसा म्हणावे, तर आडोसा माणूस स्वतःसाठी घेतो, लाजेसाठी, वाऱ्यापावसासाठी. अंतरपाट धरतात तो दोघांची थोड्याच वेळात भेट व्हायची असते म्हणून. पडदा, कनात, कुड, या सगळ्यांच्या मागे आपले असे काहीतरी असते आणि पुढे परके असते. इथे तर पडद्याआडच्या माणसाला कोणी विचारलेच नव्हते. कापायची होती ती पाहुण्याची नजर, आणि किंमत ज्याच्या दारापुढे फलक रोवला त्याने द्यायची. शासकीय परिभाषा कोशाने 'दृष्टिछेदक' असा प्रतिशब्द दिला असता. निदान त्यातली हत्याराची धार तरी ऐकू आली असती. माझ्या बसच्या वाटेवर अशा दोन फलकांच्या मध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट ठेवलेली होती. एकदा सिग्नलला बस थांबली असता तिथून एक बाई पाण्याचा डबा घेऊन बाहेर पडताना दिसली. डबा आधी बाहेर ठेवला, मग ती स्वतः आली, मग तिने डबा उचलला. ही कसरत तिच्या इतकी अंगवळणी पडलेली दिसली की फलक लागून आठवडाच झाला आहे हे खरे वाटेना.

आमच्या भागात या काळाची झळ लागली ती भाड्यांतून. पाहुण्यांसाठी खोल्या हव्यात, दुरुस्त्या करायच्या आहेत, अशा कारणांनी उत्तर दिल्लीतली अनेक वसतिगृहे विद्यार्थ्यांकडून रिकामी करून घेण्यात आली होती. काही मुलामुलींनी रस्त्यावर बसून निषेध केला, बातम्या आल्या, आणि नंतर सगळे आपापल्या ट्रंका घेऊन भाड्याच्या खोल्या शोधू लागले. एकाएकी इतके भाडेकरू बाजारात आले म्हटल्यावर जे व्हायचे तेच झाले. माझ्याकडे छत्तीसगढची एक कायद्याची विद्यार्थिनी जुलैत राहायला आली, "दोन आठवड्यांसाठी" म्हणून, आणि वर्षभर राहिली. तिच्या ट्रंकेतली कायद्याची पुस्तके माझ्या कादंबऱ्यांच्या दुप्पट जाड होती.

तिच्यामुळे मला १९८२ची दुसरी बाजू कळली. आमच्या घरमालकिणीच्या अप्पूच्या मागे एक खटला होता. एशियाडच्या बांधकामांवरच्या मजुरांच्या परिस्थितीविषयी पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने एका न्यायमूर्तींना पत्र लिहिले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. किमान मजुरी दिवसाला सव्वानऊ रुपये होती. त्यातला एक रुपया जमादार आपले कमिशन म्हणून कापून घेई आणि मजुराच्या हाती सव्वाआठ रुपये पडत. किमान मजुरीपेक्षा कमी पैशांत करावे लागणारे काम ही घटनेच्या तेविसाव्या कलमाने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारीच होय, असा निर्णय १८ सप्टेंबर १९८२ रोजी, एशियाडला दोन महिने उरले असताना, न्यायमूर्ती भगवती यांनी दिला. माझ्या सोबतिणीला हा निर्णय जवळजवळ तोंडपाठ होता. गच्चीवर कपडे वाळत घालता घालता ती त्यावर बोले, आणि दूरवर कुठेतरी रात्रपाळीच्या कामाचे यंत्र घरघरत असे. २१ सप्टेंबर २०१० रोजी जवाहरलाल नेहरू स्टेडियमजवळचा बांधकाम चालू असलेला पादचारी पूल कोसळला आणि कामगार जखमी झाले. त्या रात्री ती काही बोलली नाही. दोरीवरचे कपडेही तिने सकाळी काढले.

आता पुस्तकवाल्याकडे येते. एवढा वेळ मी त्याला टाळते आहे हे वाचकांच्या लक्षात आले नसेल. माझ्या आले आहे.

विद्यापीठाजवळच्या एका रस्त्याच्या पटरीवर, एका कडुनिंबाखाली, तो प्लॅस्टिकची ताडपत्री अंथरून बसे. वय साठीच्या आसपास, मूळचा बुलंदशहराकडचा. त्याच्याकडे दोन प्रकारची पुस्तके असत. पुढच्या रांगांत बँका, रेल्वे, स्टाफ सिलेक्शन यांच्या परीक्षांची मार्गदर्शके. त्यावर त्याचे पोट चाले. मागे, झाडाच्या बुंध्याशी, ग्रंथालयांनी रद्द केलेली, कोणा दिवंगत प्राध्यापकांच्या घरून रद्दीत आलेली कादंबऱ्या-कवितांची पुस्तके. यांना तो 'शौक का माल' म्हणे. शौक त्याचा की गिऱ्हाइकाचा, हे मी कधी विचारले नाही. मी मराठी आहे हे कळल्यापासून देवनागरीत छापलेले आणि त्याला न कळणारे कोणतेही पुस्तक तो माझ्यासाठी बाजूला काढून ठेवी. त्यातली निम्मी नेपाळी निघत, पण उरलेल्या निम्म्यांत मला काही दुर्मिळ मराठी पुस्तके मिळाली. 'मॅडमजी' आणि 'चाचा' यापलीकडे आम्ही एकमेकांना कधी हाक मारली नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या रस्त्यावरच्या पटरीवाल्यांना उठायला सांगण्यात आले. स्पर्धा आटोपेपर्यंत दिसायचे नाही. चहावाला, कुलूपकिल्लीवाला, भुट्टेवाली, सगळे एका दुपारीत नाहीसे झाले. त्याच रात्री नऊच्या सुमारास पुस्तकवाला आमच्या फाटकाशी आला. सायकलरिक्षात चार पोती होती. माझे घर त्याला ठाऊक होते हेही मला तेव्हाच कळले.

"बस पंद्रह-बीस दिन की बात है, मॅडमजी. ऊपर टीन के नीचे पड़ी रहेंगी."

गच्चीवर पत्र्याची शेड होती. चार काय, दहा पोती राहिली असती. पण त्याच आठवड्यात भाडेकरूंच्या पोलीस पडताळणीचे अर्ज घरोघर फिरत होते, घरमालकिणीने माझ्या सोबतिणीच्या नावावर आधीच दोनदा नापसंती दर्शवली होती, आणि तिच्या खिडकीतला दिवा चालू होता. मी वर पाहिले. मग म्हणाले, "चाचा, एक रख दीजिए. एक ही हो पाएगी."

त्याने विचारले, "कौन-सी?"

निवड त्याने माझ्यावर सोपवली, हे मला आजही समजत नाही. बहुधा तो शिष्टाचार असेल. घर माझे होते. रस्त्यावरच्या दिव्याखाली मी एकेका पोत्याचे तोंड उघडून पाहिले. तिघांत त्या वर्षीची परीक्षांची पुस्तके, कित्येक तर अजून शिवलेलीच. चौथ्यात बुंध्याजवळचा माल. मी चौथ्यावर हात ठेवला. मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. साहित्याची विद्यार्थिनी, साहित्याची शिक्षिका, पुस्तके वाचवायची वेळ आली तर दुसरे काय वाचवणार? तो जरा थांबला. "ठीक है जी," म्हणाला आणि ते पोते स्वतःच्या पाठीवर घेऊन तीन जिने चढला. उरलेली तीन घेऊन रिक्षा अंधारात गेली.

ही पुस्तके दरवर्षी बदलतात, पुढच्या वर्षी ती रद्दीच्या भावानेही कोणी घेत नाही, त्याचे घर त्यांवरच चालते, हे सारे मला माहीत होते. त्यानेच कितीदा सांगितले होते. त्या दिव्याखाली ते मला आठवले नाही, एवढेच.

स्पर्धांच्या काळात शाळा-महाविद्यालयांना सुट्टी होती. शहर विलक्षण शांत झाले होते. ज्यांना जाणे शक्य होते ते गावी किंवा डोंगरावर निघून गेले. ज्यांना राहणे अशक्य केले होते तेही गेले. रस्त्यांवर स्पर्धकांच्या गाड्यांसाठी निळ्या रेघांची वेगळी मार्गिका आखलेली होती, तीत घुसणाऱ्याला दंड. एरवी कोणतीही रेघ न मानणारे दिल्लीकर चालक त्या रेघेपासून हातभर दूर राहून गाडी चालवत होते, हे दृश्य पुन्हा पाहायला मिळणार नाही. विद्यापीठाच्या मैदानावर रग्बीचे सामने होते, त्यामुळे आमच्या भागात चौकाचौकात पोलीस. मी गच्चीवर बसून चाचांच्या पोत्यातली पुस्तके वाचत होते. त्यात इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'ची त्यांनी स्वतःच इंग्रजीत केलेली प्रत निघाली. पहिल्या पानावर कुठल्याशा ग्रंथालयाचा पुसट शिक्का होता.

'युगान्त' मी शाळेत असताना वाचले होते आणि पुढे शिकवलेही होते. पण त्यातला मयसभेवरचा लेख दिल्लीत बसून, त्या महिन्यात वाचणे वेगळे होते. गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पांडवांना वाट्याला खांडवप्रस्थाचे रान आले. कृष्ण आणि अर्जुन यांनी खांडववन जाळले. अग्नीला भूक लागली होती, अशी त्याची पुराणकथा. वनाच्या कडांवर दोघे रथ घेऊन उभे राहिले आणि जे जीव बाहेर पडू पाहत होते त्यांना पुन्हा आत लोटले. वाचले ते सहाच जण: तक्षकाचा मुलगा अश्वसेन, शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्ले आणि मय. मयाने पुढे उपकाराची फेड म्हणून ती सभा बांधली, जिथे पाण्याच्या जागी जमीन भासे आणि जमिनीच्या जागी पाणी. इरावतीबाईंचे मोठेपण असे की त्या या कथेतल्या अग्नीच्या भुकेवर थांबत नाहीत. हे वन का जाळले, कोणासाठी जाळले, आत राहणारे कोण होते आणि एवढ्या संहारातून हाती काय लागले, हे प्रश्न त्या मानवशास्त्रज्ञाच्या थंडपणाने विचारतात. त्या थंडपणामुळेच ते वाचताना अंगावर काटा येतो.

इंद्रप्रस्थ जिथे होते असे परंपरेने मानले जाते तो पुराना किल्ला माझ्या गच्चीपासून काही कोसांवर होता. त्या किल्ल्याच्या तटबंदीच्या आत इंद्रपत नावाचे एक खेडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत नांदत होते. १९१३च्या सुमारास, नवी दिल्ली उभारली जात असताना, तेही उठवले गेले. म्हणजे त्या एका जागेवर नगर वसवण्यासाठी आधी वन गेले आणि पुढे नवे नगर वसवण्यासाठी जुन्या नगराचे नाव सांगणारे गावही गेले. २००४ साली यमुना पुश्त्यावरची घरे पाडली गेली आणि पुढे त्याच यमुनेच्या पूर्व काठावर, अक्षरधामजवळ, खेळाडूंचे गाव उभे राहिले. या सगळ्याला एका माळेत ओवण्याचा मोह मला त्या वेळी फार झाला होता. तसा एक निबंधही मी अर्धा लिहिला. दिल्लीवर लिहिणाऱ्याला हा मोह होतोच, आणि तो मोडलेला बरा. महाकाव्याची उपमा दिली की प्रत्येक गोष्ट अटळ वाटू लागते, आणि व्ह्यू कटरला मंजुरी देणारी सही अटळ नसते. तो निबंध अर्धाच राहिला याचे खरे कारण मात्र वेगळे आहे. मय का वाचला, या प्रश्नाशी मी अडले. तो शरण आला, हे एक उत्तर. तो कलावंत होता आणि वाचवणाऱ्यांना पुढे उपयोगी पडणार होता, हे दुसरे. आणि माझ्या शेजारी ते पोते होते.

८ ऑक्टोबरला, स्पर्धा ऐन भरात असताना, सर्वोच्च न्यायालयाने गैंदा राम खटल्यात निर्णय दिला: रस्त्यावर फेरी करून माल विकणे हा व्यवसायस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे आणि सरकारने त्यासाठी कायदा करावा. (तो कायदा अखेर २०१४ साली झाला.) माझ्या सोबतिणीने बातमी मोठ्याने वाचून दाखवली आणि हसली. ज्यांच्या हक्काची ही बातमी होती त्यातला एकही माणूस त्या दिवशी आमच्या रस्त्यावर नव्हता.

आणि तरीही ११ ऑक्टोबरला मी स्टेडियममध्ये होते. घरमालकिणीच्या भाच्याकडे एक तिकीट उरले होते. नको म्हणायला माझ्याकडे पुष्कळ कारणे होती. मी एकही उच्चारले नाही. विश्वविद्यालय स्थानकावरून मेट्रोने सेंट्रल सेक्रेटरिएट, तिथून आठच दिवसांपूर्वी सुरू झालेल्या नव्या मार्गाने थेट स्टेडियमच्या दारात. डब्यात नव्या प्लॅस्टिकचा वास होता. तपासणीत माझे पेन काढून घेतले गेले. आत गेल्यावर तो प्रकाश, ते हिरवे-तांबडे मैदान, आणि हजारो माणसांचा आवाज जो कानापेक्षा छातीत अधिक ऐकू येतो. त्या संध्याकाळी महिलांची थाळीफेक होती. थाळीफेक हा खेळ मी त्याआधी फक्त शालेय क्रीडामहोत्सवात, कंटाळून, पाहिला होता. कृष्णा पुनिया वर्तुळात उभी राहिली, गिरकी घेतली आणि थाळी ६१.५१ मीटरवर जाऊन पडली. दुसरी हरवंत कौर, तिसरी सीमा अंतिल. तिन्ही पदके भारताच्या बायकांची. १९५८ साली कार्डिफला मिल्खा सिंगांनी जिंकलेल्या सुवर्णानंतर राष्ट्रकुल स्पर्धांत ॲथलेटिक्सचे सुवर्णपदक भारताला मिळालेच नव्हते, आणि बाईला तर कधीच नाही. भरदार खांद्यांच्या त्या तिघी तिरंगा घेऊन मैदानाच्या कडेने चालू लागल्या तेव्हा मी उभी राहून ओरडत होते. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईने माझा हात धरला होता आणि आम्ही दोघी रडत होतो. दुसऱ्या दिवशी मुलींनी चार गुणिले चारशेची शर्यत जिंकली ती मी टीव्हीवर पाहिली, तेव्हाही डोळ्यांत पाणी आले. हा आनंद उसना नव्हता, कोणी भरवलेला नव्हता. त्याला खोटे ठरवून मला स्वतःची सुटका करून घेता येत नाही. स्पर्धा संपल्या तेव्हा भारताच्या नावावर १०१ पदके होती. ३८ सुवर्णपदके घेऊन तो ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल आणि इंग्लंडच्या एका सुवर्णपदकाने पुढे होता. नंतरच्या चौकशा, लेखापरीक्षण, अटका यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

फलक हळूहळू उतरले. कित्येक वस्त्यांत त्यांचाच उपयोग छप्परासाठी झाला. पुढे वर्षभर बसमधून जाताना एखाद्या घराच्या डोक्यावर शेराचा हात तेवढा हलताना दिसे.

चाचा आला तो दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यावर. हाताशी पोरगा होता, नातू असावा. मी चहा केला. तो गच्चीवर पोत्याशेजारी उकिडवा बसला. बाकीच्या तीन पोत्यांचे काय, असे मी विचारले. ती त्याने यमुनेच्या खादरात, एका चुलतभावाच्या झोपडीत ठेवली होती. त्या सप्टेंबरात हथिनीकुंडहून सोडलेल्या पाण्याने यमुनेने धोक्याची पातळी ओलांडली होती आणि खादरातली माणसे बंधाऱ्यावरच्या तंबूंत आली होती, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. वाचताना पोती मनात आली नव्हती.

"वो तो जमना जी ले गईं," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. मग चहाचा घोट घेऊन एकदम खुलला. "लेकिन मॅडमजी, लड़कियों ने कमाल कर दिया! तीनों की तीनों अपनी!" गावात हलवायाच्या दुकानात टीव्ही लावला होता, अर्धे गाव तिथे लोटले होते, हलवायाने जिलब्या वाटल्या. थाळी कशी फेकतात ते त्याने रिकाम्या बशीने नातवाला दाखवले. "आपने देखा था?"

"टीव्ही पे देखा," मी म्हणाले.

त्याने पोते उघडून वरवर पाहिले. 'युगान्त' बाहेर, माझ्या उशाशी होते. ते मी आणून दिले. त्याने ते उलटेपालटे केले, मध्ये खुणेसाठी घातलेला कागद पाहिला. "आधी पढ़ी है अभी," म्हणाला, "रख लीजिए. चालीस दे दीजिए." मी पन्नासची नोट पुढे केली आणि राहू द्या म्हटले. त्याने सदऱ्याच्या आतल्या खिशातून कापडी पिशवी काढली, गाठ सोडली, दहा रुपये मोजून माझ्या हातावर ठेवले, आणि पोते पाठीवर घेऊन जिना उतरू लागला.